दोन जिवांची चाल

सातव्या महिन्यातली बाई ओट्यावर पाय सोडून बसलेली दिसली, की ती निवांत आहे असं आपण धरून चालतो. तिच्या शरीरात मात्र त्या वेळीही केवढी लगबग चालू असते! एरवी स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फिरवतं. गरोदरपणात हे काम ३० ते ५० टक्क्यांनी वाढतं आणि ७ लिटरच्या आसपास पोहोचतं. मिनिटाला २ लिटर जादा, म्हणजे दिवसाला २,८८० लिटर. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात पाणी हंड्यांनी मोजतात. त्या मापानं, १५ लिटरचा हंडा धरला, तर हे १९२ हंडे झाले. एवढा जादा उपसा ते हृदय रोज करतं, झोपेतही करतं. आणि या वाढीचा बराचसा भाग पोट नीट दिसायला लागण्याआधीच झालेला असतो.

हे कळल्यापासून गरोदर बाईकडे पाहण्याची माझी नजरच बदलली. रक्ताचं एकूण प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेलं. गर्भाशय, जे एरवी मुठीएवढं आणि ६०-७० ग्रॅमचं असतं, ते नऊ महिन्यांत किलोभर वजनाचं होतं. त्याला एरवी मिनिटाला थोडंसंच रक्त लागतं, शेवटी शेवटी अर्धा लिटर आणि त्याहूनही जास्त. मग साहजिकच प्रश्न पडतो: इतकं सगळं आधीच चालू असताना या शरीराला आणखी व्यायाम कशाला सांगायचा?

घरोघरी याची दोन उत्तरं तयार असतात. माहेरी आई म्हणते, ‘जप गं, वाकू नकोस, जिना चढू नकोस.’ सासरी आजेसासू सांगते, ‘आम्ही शेवटच्या दिवसापर्यंत पाणी भरलं, दळण दळलं, म्हणून तर सुटका सोपी झाली.’ पोटुशी बाई दोन्हींकडे मान डोलावते आणि गोंधळते. गंमत अशी, की ही दोन्ही उत्तरं कुणा ना कुणाला लागू पडतात. फक्त कुणाला कुठलं, हे आपण फार क्वचित विचारतो. हा प्रश्न त्र्यंबकेश्वरात फार ठळकपणे समोर येतो, म्हणून हा लेख त्र्यंबकचा.

नाशिकपासून २८-३० किलोमीटरवर, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी हे गाव. गोदावरी उगम पावते ती इथे. निवृत्तिनाथांची समाधी इथली. पौषात वारकऱ्यांच्या दिंड्या कडाक्याच्या थंडीत चालत येतात. श्रावणात, त्यातही तिसऱ्या सोमवारी, ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला रात्रभर माणसं चालत असतात. एकूण हे गाव चालणाऱ्यांचं. गरोदर बाईला जगभरातले डॉक्टर जो व्यायाम सगळ्यात आधी सांगतात तोही हाच, चालण्याचा.

चालणं हा हलका व्यायाम का, याचं कारण पायांत आहे. चालताना कुठल्याही क्षणी निदान एक पाऊल जमिनीवर असतंच. धावताना मात्र दोन्ही पाय हवेत जातात आणि मग खाली येताना शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट दणका सांध्यांना बसतो. गरोदरपणात संप्रेरकांमुळे सांध्यांचे बंध सैल होत असतात. ओटीपोटाची हाडं प्रसूतीच्या वेळी किंचित सरकावीत म्हणून शरीरानं केलेली ती तयारी. अशा सैल सांध्यांना दणके नकोत, पण हालचाल हवी. ज्यांना धावायची जुनी सवय आहे त्या डॉक्टरांना विचारून धावतातही. नव्यानं सुरुवात करणारीनं चालण्यापासूनच करावी.

आता एक सकाळ जवळून पाहू. सहा वाजलेत. ऊन तापायच्या आत, सपाट रस्त्यानं, पायात घट्ट बसणाऱ्या चपला घालून ती निघाली. पहिल्या शंभरेक पावलांत पोटऱ्यांचे स्नायू आवळू-सुटू लागतात आणि पायांत साचलेलं रक्त वर हृदयाकडे ढकलू लागतात. सातव्या महिन्यात हे फार मोलाचं असतं, कारण वाढलेलं गर्भाशय पोटातल्या मोठ्या शिरांवर दाबून बसलेलं असतं, म्हणूनच संध्याकाळी घोट्यांना सूज येते, चप्पल रुतते. पोटरीचा स्नायू चालू झाला की रक्त खाली तुंबत नाही.

दोन-तीन मिनिटांत श्वास वाढतो. खरं तर तो आधीच वाढलेला असतो. गरोदर बाई मिनिटाला फारसे जास्त श्वास घेत नाही, पण प्रत्येक श्वासात ३०-४० टक्के जास्त हवा आत ओढते. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मेंदूतल्या श्वासाच्या केंद्राला तशी सूचनाच देतं. त्यामुळे आईच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड एरवीपेक्षा कमी राहतो, आणि म्हणून बाळाच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड सहज तिच्याकडे वाहून येतो. जिन्याच्या चार पायऱ्यांवर लागणाऱ्या धापेनं ती घाबरते, पण त्या धापेचा बराचसा भाग हा बाळासाठी घेतलेला श्वास असतो.

पाचेक मिनिटं झाली. आता पायांच्या स्नायूंना रक्त हवंय, ते गर्भाशयाच्या वाट्यातून थोडं वळतं. इथे कुणाचंही काळीज धसकेल: मग बाळाचं काय? शरीराची खरी करामत इथेच दिसते. व्यायामात रक्तातलं थोडं पाणी उतींमध्ये उतरतं, रक्त जरा दाट होतं, त्यामुळे तेवढ्याच रक्तात ऑक्सिजन जास्त मावतो. गर्भाशयही आलेल्या रक्तातून नेहमीपेक्षा जास्त ऑक्सिजन काढून घेतं. शिवाय बाळाचं हिमोग्लोबिन आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा ऑक्सिजनला घट्ट धरणारं असतं. निरोगी गरोदरपणात मध्यम गतीच्या चालण्यानं बाळाचा पुरवठा तुटत नाही. बाळाच्या हृदयाचे ठोके तेवढे मिनिटाला १०-३०नं वाढतात आणि आई थांबली की थोड्या वेळात पूर्ववत होतात. आई चालते तेव्हा आत बाळाचंही हृदय थोडं वेगानं धडधडतं, ही कल्पनाच मला भारावून टाकते.

तिकडे साखरेचं वेगळंच चाललेलं असतं. गरोदरपणाच्या दुसऱ्या अर्ध्यात वारेतून येणारी संप्रेरकं आईच्या स्नायूंना इन्सुलिनचं ऐकू देत नाहीत. हेतू चांगला असतो, आईच्या रक्तात साखर जरा जास्त वेळ राहावी, म्हणजे बाळाला मिळेल. ज्या बाईचं शरीर हा ताण झेलू शकत नाही तिला गरोदरपणातला मधुमेह होतो, आणि भारतीय बायकांमध्ये ही शक्यता बरीच आहे. स्नायूंना साखर घेण्याची आणखी एक सोय मात्र निसर्गानं ठेवलीय. स्नायू आवळले-सुटले की साखर आत घेणारी प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि त्यासाठी इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं अंगणात केलेली शतपावली म्हणूनच रक्तातल्या साखरेवर थेट काम करते.

किती चालायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शनानुसार, अडचण नसलेल्या गरोदर बाईनं आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम गतीची हालचाल करावी. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, तोही दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत चालतो. आणि मध्यम गती म्हणजे किती? यामागे एक छोटा इतिहास आहे. १९८५ साली अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सांगितलं होतं, की गरोदर बाईच्या नाडीचे ठोके मिनिटाला १४०च्या वर जाऊ देऊ नका आणि जोरकस व्यायाम १५ मिनिटांपेक्षा जास्त नको. आकडा लक्षात ठेवायला सोपा, म्हणून जगभर पसरला. आजही तो पुष्कळांच्या तोंडी ऐकू येतो. संघटनेनं मात्र १९९४मध्येच तो काढून टाकला. गरोदरपणात मुळात नाडीच बदललेली असते, विसावलेल्या अवस्थेतही ती मिनिटाला १०-२०नं वाढते, आणि बाईगणिक वेगळी वागते. तिला एकाच आकड्यात बांधून उपयोग नव्हता.

त्याऐवजी आता एक अगदी साधी कसोटी सांगतात: चालता चालता बोलून पाहा. सलग वाक्यं बोलता येतायत, पण गाणं म्हणता येत नाही, अशी गती असली तर ती मध्यम. गाता येत असेल तर चाल हलकी आहे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर ती आपल्यासाठी जास्त झाली. हे वाचलं तेव्हा मला त्र्यंबकच्या वाटेवरचे वारकरी दिसले. हरिपाठ म्हणत दिवसभर चालणारी माणसं गळ्यानंच गतीला लगाम घालत असतात. आणि जात्यावरच्या ओव्या! महाराष्ट्रातल्या बायकांनी दळताना म्हटलेल्या एक लाखाहून जास्त ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या. त्यांतलं दुःख, माया, रामाची-सीतेची कथा यांवर खूप लिहिलं गेलंय. मला त्यांत एक शारीरिक शहाणपणही दिसतं. ओवी म्हणता येतेय तोवर दळणाऱ्या बाईचा दम पुरतोय. ओवी तुटली, की हात आपोआप मंदावणार.

त्र्यंबकला आलेल्या गरोदर सुनेला घेऊन घरची मंडळी हमखास विचारतात, ‘हिला ब्रह्मगिरीवरच्या गंगाद्वाराला नेलं तर चालेल का?’ उंचीची काळजी नको. ब्रह्मगिरीचा माथा १,३०० मीटरच्या आतबाहेर आहे आणि गरोदर शरीराला तेवढ्या उंचीचा त्रास होत नाही. काळजी पायऱ्यांची आहे. गंगाद्वारापर्यंतच साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत, पावसाळ्यात त्यांवर शेवाळ असतं, गर्दी असते, हातातली पिशवी ओढणारी माकडं असतात. पोट पुढे आलं की शरीराचा गुरुत्वमध्य सरकतो आणि स्वतःची पावलं स्वतःला दिसत नाहीत. घसरून पोटावर पडण्याचा धोका जिथे आहे तिथे जाऊ नये, एवढं तिथे पुरेसं आहे. प्रदक्षिणेचंही तेच. ब्रह्मगिरी कुठे जात नाही, बाळाला कडेवर घेऊन पुढच्या वर्षी जावं.

या सरकणाऱ्या गुरुत्वमध्यावर माणसाच्या कण्यानं जे उत्तर शोधलंय ते लाखो वर्षांपूर्वीचं आहे. दोन पायांवर चालणाऱ्या प्राण्याच्या मादीला पोटातलं वजन पुढे घेऊन चालायचं, तर ती तोंडावरच पडायची. ‘नेचर’ या शोधपत्रिकेत २००७ साली एक संशोधन आलं. त्यात दाखवलं होतं, की कमरेच्या मणक्यांचा जो बाक असतो तो पुरुषांत दोन मणक्यांवर पेललेला असतो आणि बायकांत तीन मणक्यांवर. त्यामुळे गरोदर बाई कंबर मागे झुकवून तोल सावरते, तरी मणके एकमेकांवरून घसरत नाहीत. हाच फरक ऑस्ट्रेलोपिथेकस या आपल्या अतिप्राचीन पूर्वजांच्या जीवाश्मांतही सापडला. कमरेवर हात ठेवून, जरा मागे रेलून उभी असलेली गरोदर बाई म्हणजे वीस लाखांहून अधिक वर्षांचा हिशोब उभा असतो. तरीही कंबर दुखतेच, कारण त्या बाकाला धरून ठेवणारे पाठीचे स्नायू दिवसभर ताणलेले असतात.

त्यांना सुट्टी द्यायचे दोन सुंदर मार्ग आहेत. पहिला, हात आणि गुडघे टेकून चार पायांवर येणं. योगात याला मार्जारासन म्हणतात. श्वास सोडताना पाठ हळूच वर गोल करायची, श्वास घेताना सरळ करायची. कंबर खूप खाली सोडायची नाही. या अवस्थेत पोटाचं वजन कण्यावरून उतरून खाली लोंबतं, आणि दिवसभरात पहिल्यांदा पाठीला वाटतं की आता माझं काम नाही. पाच-सात वेळा केलं तरी पुरतं. जमिनीवरून उठता येत नसेल तर टेबलावर किंवा ओट्यावर हात टेकून उभ्यानंही हेच करता येतं.

दुसरा मार्ग पाण्याचा. छातीएवढ्या पाण्यात उभं राहिलं की शरीराचं बहुतेक वजन पाणी उचलतं. सांधे, टाचा, कंबर, सगळ्यांचा भार उतरतो. त्याहून विलक्षण म्हणजे पाण्याचा दाब पायांवर चारी बाजूंनी पडतो आणि उतींत साचलेलं पाणी पुन्हा रक्तात ढकलतो, म्हणून पाण्यातून बाहेर आल्यावर सूज उतरलेली दिसते. स्वीडनमध्ये झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पाण्यात व्यायाम करणाऱ्या गरोदर बायकांना कंबरदुखीमुळे घ्याव्या लागणाऱ्या रजा कमी झालेल्या दिसल्या. नाशिकमध्ये त्र्यंबक रोडवर महापालिकेचा स्वातंत्र्यवीर सावरकर जलतरण तलाव आहे. अशा तलावात पोहता येणाऱ्या बाईनं डॉक्टरांना विचारून, बरोबर कुणाला तरी घेऊन, उथळ भागात नुसतं चालावं. उडी मारायची नाही, ओल्या फरशीवर घाई करायची नाही.

योगाविषयी थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण आपल्याकडे गरोदरपणातला व्यायाम म्हटलं की पहिलं नाव तेच निघतं, आणि त्र्यंबकजवळ तळवाड्याला तर योगविद्या गुरुकुलच आहे. विश्वास मंडलिक यांनी नाशिकला सुरू केलेल्या योगविद्या धामच्या कामातून ते उभं राहिलं. पण गरोदर शरीरासाठी आसनं कशी बदलावीत याचा सगळ्यात बारकाईनं विचार मला पुण्याच्या गीता अय्यंगार (१९४४–२०१८) यांच्या कामात दिसतो. बी. के. एस. अय्यंगार यांच्या या कन्येनं पुण्यातल्या रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेत आयुष्यभर शिकवलं आणि बायकांच्या योगावर, पुढे मातृत्वावरही, पुस्तकं लिहिली. त्यांच्या पद्धतीचं मर्म आधारात आहे: भिंत, खुर्ची, लोड, घड्या घातलेली चादर, पट्टा. बद्धकोनासनात पाठ भिंतीला, मांड्यांखाली उशा. त्रिकोणासनात पाठीमागे भिंत आणि हात खुर्चीवर. छाती उघडी, पोट मोकळं, कुठेही दाब नाही, कुठेही ओढाताण नाही. आसन ‘जमलं’ पाहिजे हा हट्टच आधारामुळे गळून पडतो. सैल सांध्यांच्या शरीराला नेमकं हेच हवं असतं, कारण या काळात पाय एरवीपेक्षा जास्त ताणले जातात आणि ते कौतुक वाटून बाई आणखी ताणत राहते, मग आठवडाभर कंबरेत कळ राहते.

बेंगळुरूत एका प्रसूतिगृहात झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३३५ गरोदर बायकांचे दोन गट होते. एक रोज तासभर योग करणारा, दुसरा दिवसातून दोनदा अर्धा तास चालणारा. योग करणाऱ्या गटात अडीच किलो किंवा त्याहून जास्त वजनाची बाळं अधिक जन्मली. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, त्यामुळे या निष्कर्षावर फार उड्या मारू नयेत. पण दोन्ही गट हलकाच व्यायाम करत होते, तेव्हा मंद हालचालीबरोबरचा श्वास आणि विसावा यांत काही तरी असावं.

काय टाळायचं तेही सांगते. पाचव्या महिन्यानंतर पाठीवर सपाट पडून फार वेळ राहू नये. गर्भाशय मोठ्या शिरेवर दाबतं, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. कुशीवर वळलं की लगेच बरं वाटतं. श्वास रोखून धरायचे प्रकार, कपालभाती, पोटाला पीळ देणारी आसनं, उलटी आसनं, गरम खोलीतला योग, हे सगळं या काळात बाजूला ठेवावं. उष्णतेचं विशेष जपायचं, कारण बाळ आईपेक्षा साधारण अर्धा अंश गरमच असतं आणि आपली उष्णता आईच्या रक्तातूनच बाहेर टाकू शकतं. चैत्र-वैशाखात चालायचं ते पहाटे, पाणी पिऊन.

एक व्यायाम असा आहे, की तो करताना शेजारी बसलेल्या माणसालाही कळत नाही. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते पाच सेकंद आवळायचे, सोडायचे, दहा वेळा, दिवसातून तीनदा. ओटीपोटाच्या तळाचा हा स्नायूंचा झोळा गर्भाशय, मूत्राशय, आतडी सगळं तोलून धरतो. अमेरिकी डॉक्टर अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली हा व्यायाम वैद्यकात आणला. बाळंतपणानंतर खोकताना-हसताना कपडे ओले होतात, आणि हजारो बायका ते कुणाला सांगत नाहीत. एसटीच्या स्टँडवर उभ्या उभ्या करता येणारा हा व्यायाम प्रत्येकीला शिकवायला हवा.

आत्तापर्यंत जे लिहिलं ते बसून काम करणाऱ्या, घरात नळ असलेल्या बाईला डोळ्यांपुढे ठेवून. आता त्र्यंबक गावातून बाहेर पडून पाड्यांकडे जाऊ. तिथे दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि तरी मार्च-एप्रिलपासून विहिरी तळ गाठतात, कारण उताराच्या खडकावरून सगळं पाणी वाहून जातं. सहाव्या महिन्यातली बाई तिथेही चालते. पण डोक्यावर हंडा, त्यावर कळशी, पायाखाली खडकाची पायवाट. आषाढात भाताची आवणी लागली की घोटाभर चिखलात कमरेत वाकून सकाळपासून दिवस मावळेपर्यंत रोपं लावते. तिला ‘रोज अर्धा तास व्यायाम करा’ असं सांगणं क्रूरपणाचं आहे.

यावर आपल्याच मातीतला एक फार मोलाचा अभ्यास आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. त्याच अभ्यासातून पुढे कळलं, की आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. त्यात शोभा राव आणि सहकाऱ्यांनी गावच्या बायकांशी बोलून कामांची एक प्रश्नावली तयार केली: झोप किती, घरकाम किती, पाणी भरणं किती, शेतातलं काम किती. परदेशी प्रश्नावल्यांत ‘पाणी भरणं’ कुठून असणार! ७९७ बायकांकडून अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास ही माहिती घेतली. २००३ साली निष्कर्ष आले. ज्यांच्यावर कामाचा भार जास्त, त्यांचं वजन कमी वाढलं आणि त्यांच्या बाळांचं वजन, डोक्याचा आणि दंडाचा घेर सरासरीनं कमी भरला. बाळं मुदतीआधी जन्मण्याचं प्रमाण मात्र कामानं वाढलेलं दिसलं नाही. त्याच गावांतून आणखी एक गोष्ट समोर आली होती, की ज्या बायकांच्या जेवणात पालेभाज्या, फळं आणि दूध अधिक त्यांची बाळं जास्त चांगली भरलेली होती.

हे असं का व्हावं, त्याचं कारण २०१९च्या एका संशोधनातून उमजतं. शास्त्रज्ञांनी अमेरिका आडवी पार करणाऱ्या धावपटूंच्या ऊर्जेचा खर्च मोजला. ही माणसं आठवड्यातले बहुतेक दिवस रोज मॅरेथॉनएवढं अंतर कापत महिनोन् महिने धावत होती. सुरुवातीला त्यांचं शरीर भरमसाट ऊर्जा वापरत होतं, पण हळूहळू खर्च खाली येत विश्रांतीतल्या गरजेच्या अडीच पटीवर स्थिरावू लागला. त्याहून जास्त अन्न माणसाचं आतडं दीर्घकाळ पचवूच शकत नाही. आणि गरोदर बाई? तिचा आकडा २.२ पट. नऊ महिने, रोज, घरात राहून, ती जवळजवळ मानवी क्षमतेच्या कड्यावर उभी असते. कड्यापर्यंत फार थोडी जागा उरलेली असताना तिच्या डोक्यावर हंडा चढवला आणि ताटात नुसतं नागलीच्या भाकरीबरोबर मीठ-मिरची वाढली, तर तूट कुणाच्या वाट्याची निघणार हे सांगायला नको.

म्हणून पाड्यावरच्या बाईचा हलका व्यायाम म्हणजे विसावा. दुपारी तासभर डाव्या कुशीवर पडणं, पाय उशीवर घेणं, आवणीतून परतल्यावर पाच मिनिटं हात-गुडघे टेकून पाठ गोल करणं, दर तासाला बांधावर बसून पाणी पिणं. एवढंच. बाकी काम घरच्यांचं आहे. दिवस गेल्याचं कळल्याच्या दिवसापासून पाण्याचा हंडा घरातल्या पुरुषानं उचलावा, ही विनंती मी अगदी मनापासून करते. राज्य सरकारच्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत २०१५पासून आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण ताजं जेवण मिळतं. ते तिनं तिथे बसून, पोटभर जेवावं. आणि त्याबद्दल घरी तिचं ताट कमी करू नये.

आजेसासूच्या ‘शेवटपर्यंत काम केलं’ या अभिमानाला मी नावं ठेवणार नाही, त्या पिढीपुढे दुसरी वाट नव्हती. पण दमून भागून केलेलं काम आणि शरीर ताजं ठेवणारी हालचाल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात शरीर खर्ची पडतं. दुसऱ्यात झोप लागते, बद्धकोष्ठ कमी होतं, मन हलकं होतं, साखर आणि रक्तदाब आटोक्यात राहायला मदत होते.

काही बायकांनी मात्र डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय चालण्यापलीकडे काहीच करू नये, आणि काहींनी चालणंही विचारूनच: अंगावरून रक्त गेलेलं, वार खाली असलेली, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातलेला, रक्तदाब वाढलेला, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार, जुळी बाळं. आणि हिमोग्लोबिन फार कमी असलेली. हे शेवटचं आपल्याकडे फार महत्त्वाचं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांना रक्तक्षय आढळला. आई आणि बाळ ऑक्सिजन कसा वाटून घेतात याचं वर इतकं कौतुक केलं, पण तो ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिनच नसेल तर ती सगळी करामत लंगडी पडते. व्यायाम करताना चक्कर, छातीत दुखणं, डोकं ठणकणं, रक्त किंवा पाणी जाणं, पोट ठरावीक वेळानं दुखून आवळणं, एकाच पोटरीत दुखणं आणि सूज, चालायला लागण्याआधीच धाप, यांतलं काहीही झालं तर तिथेच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली चौथ्या महिन्यापासूनच्या गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. २०१६पासून हे चालू आहे. आशाताईला विचारून जवळच्या केंद्रावर जा, नवऱ्याला बरोबर न्या, आणि आपण दिवसभर काय काय काम करतो ते डॉक्टरांना सविस्तर सांगा, पाणी भरणंसुद्धा. मग विचारा, मी चालू किती आणि पडून राहू किती. आणि आपल्या हिमोग्लोबिनचा आकडा कळल्याशिवाय तिथून निघू नका.